काळा वाटा, लखलखीत वाटा

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांची खोली एकदाची रिकामी केली. त्यांना जाऊन पाच महिने झाले आणि मी आपली रोज उद्या-उद्या करत होते. शेवटी ह्यांनीच फोन केला, तेव्हा दादा आणि वहिनी सकाळीच येऊन दाखल. लोखंडी खाट, गादी आणि चाकाची खुर्ची टेम्पोवाल्याने नेली. टेम्पोचे पैसे दादाने दिले. अर्धे माझ्याकडे निघतात. लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल हिने बुडवले.

खाटेखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. दादाने तो हलवून पाहिला आणि भर खोलीत फतकल मारून बसला. म्हणाला, "अगं, हा तर खोट्या नाण्यांचा डबा!"

मी तो साफ विसरले होते. बाबा नावेच्या धक्क्यावर तिकीट खिडकीत बसायचे. तेव्हा पूल नव्हता. नदी ओलांडायची तर नाव, आणि नावेचं तिकीट बाबांच्या हातून. गर्दीत लोक त्यांच्या हातावर वाट्टेल ते टेकवायचे. बंद पडलेली तांब्याची नाणी, परमुलखातली नाणी, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे दुकानांची टोकनं. धोबीखान्याची, सायकल स्टँडची, कारखान्यातल्या चहाची. गोल आणि तांब्याचं असलं की झालं! संध्याकाळी हिशेबात ते चालायचं नाही. मग बाबा स्वतःच्या खिशातून भर घालायचे आणि तो कचरा घरी आणून डब्यात टाकायचे. महिनाअखेर आली की आई त्यांच्या कानाशी डबा वाजवायची. "अख्ख्या नदीने टोपी घातली तुम्हाला," म्हणायची. बाबा नुसते हसायचे.

मी स्वतः पोस्टाच्या पार्सल खिडकीवर तीस वर्षं काढली. माझ्यापुढे खोटं नाणं सरकवायची कुणाची छाती झाली नाही. आईवर गेले मी.

दादा म्हणाला, "डबा तू ठेव. चार वर्षं बाबांचं सगळं तूच केलंस."

माझं डोकंच फिरलं. चार वर्षांचं मोल बिस्किटांच्या डब्यात? मी म्हटलं, "मला कुणाची मेहेरबानी नको. अर्धं म्हणजे अर्धं."

"मग आईचा नियम," दादा म्हणाला. आईचा नियम म्हणजे, वाटे धाकटीने करायचे आणि आधी उचलायचं थोरल्याने. त्यापायी मी लहानपणी सफरचंद असं कापायचे की मोजपट्टी लावून बघावं. तरी दादाकडे नेहमी बिया जास्त असलेलं अर्धं जायचं. त्याला निवडताच येत नाही.

जाण्याआधी दादाने नाणी वर्तमानपत्रावर मांडून फोटो काढले. आठवण म्हणून, म्हणाला. एकेका नाण्याचा पुढून आणि मागून. आठवणीला मागची बाजू कशाला लागते, देव जाणे.

८ फेब्रुवारी, रविवार

इथे खोटं कशाला लिहू? मला या डब्यातलं जास्त हवंय. पैशांची नड आहे असं नाही. पण बाबांना कुशीवर मी वळवत होते, त्यांच्या तोंडात चमचा मी घालत होते, आणि दादा महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचा. तर बाबा त्या दिवशी दाढी करून मागायचे! दादा गेला की शेजारणीला सांगायचे, "मुलगा आला होता." मुलगी इथेच होती, तिचं काय सांगणार?

दादाने दिलं म्हणून नको. माझं म्हणून हवं.

९ फेब्रुवारी, सोमवार

एक नाणं नमुन्याला घेतलं. जाडजूड, ओबडधोबड, काळंकुट्ट. लिंबू-मिठाने आणि जुन्या टूथब्रशने घासलं तर आतून नव्या नवरीसारखं निघालं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "लिंबाचा वास येतोय. सरबत आहे का?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "बरं."

ते घेऊन भिंगवाल्यांकडे गेले. किल्लीवाल्याच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांमध्ये, जिन्याखाली बसतात. जुनी नाणी घेतात, विकतात, किंमत काढून देतात. टेबलावर हिरवं कापड, एक दिवा, एक तराजू, बस. नाणं नेहमी कडेने धरतात, तोंडाला बोट लावत नाहीत. त्यांनी माझं नाणं दिव्याखाली धरलं आणि विचारलं, "कशाने घासलंत?"

"लिंबू-मीठ," मी जरा अभिमानानेच सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, परत घातला. "ताई, काल हे आठशेला गेलं असतं. आज तांब्याच्या भावाने जाईल."

"म्हणजे किती?"

"थांबा, वजन करतो." वजन केलं आणि म्हणाले, "पाच."

मग समजावून सांगितलं. तांब्यावर वर्षानुवर्षांची जी काळसर-तपकिरी साय धरते, तीच नाण्याची इज्जत. जाणकार माणूस पैसे त्या सायीचे देतो. चकाकतं ते पाहून फक्त अडाणी भुलतो. मी मान डोलावली, जणू मला हे आधीच माहीत होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

बाकी सगळी नाणी कापसात गुंडाळून नेली. भिंगवाल्यांनी तासभर बघितली. अक्षरं वाचता येतात का, नाण्यावरच्या घोड्याची आयाळ झिजली आहे का, कुठे हिरवा कळंक चढलाय का. एक नाणं कडेने फिरवून म्हणाले, "हे ओतीव. कडेला शिवण दिसते बघा. खोट्यातलं खोटं. पण जुनं खोटं आहे, त्यालाही गिऱ्हाईक असतं." जगात कशाकशाला गिऱ्हाईक असतं!

टोकनांचा ढीग त्यांनी उलट्या हाताने बाजूला सारला. "यांना कुणी विचारत नाही."

मग कापसातून घोडा निघाला. या नाण्यावर टांकसाळीत चुकून दोनदा ठसा पडलाय, त्यामुळे घोड्याला दोन डोकी आहेत. भिंगवाले म्हणाले, "हं. हाच तो घोडा."

"हाच तो म्हणजे?"

त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले. "म्हणजे... असा एक असतो असं ऐकून होतो." किंमत सांगितली चाळीस हजार. हौशी माणूस भेटला तर वर.

दुकानदारांची ही युक्ती मला ठाऊक आहे. माल ओळखीचा असल्यासारखं दाखवायचं आणि भाव पाडायचा. मी काही विकलं नाही. घोडा पदराच्या गाठीला बांधून घरी आणला आणि वाटभर गाठ चाचपत होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनीचा फोन. बोलता बोलता म्हणाली, मंगळवारी हे तुमच्याच बाजूला आले होते, डोळे तपासायला. म्हणजे बघा! माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर येतो आणि बहिणीच्या दारात पाऊल ठेवत नाही. मी म्हटलं, "बरे आहेत ना डोळे?" वहिनी म्हणाली, "कुणाचे?" मग म्हणाली, "हो हो, बरे आहेत." नवऱ्याच्या डोळ्यांची एवढीच फिकीर.

नंतर दादाच फोनवर आला. "वाटे झाले का? घाई नाही हं. पण टोकनं जपून ठेव. एकही हरवू नकोस." मी मनात म्हटलं, घ्या! चाळीस हजारांचा घोडा डब्यात, आणि याला टोकनांची काळजी. दादाला नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही.

पातेलं घासता घासता मला कल्पना सुचली ती तेव्हाच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कल्पना अशी. टोकनं घासून लखलखीत करायची. चांगली नाणी आहेत तशी काळी ठेवायची. दोन वाटे, नग जवळजवळ सारखे. दादा आधी उचलणार. दादा काय उचलेल?

हे फसवणं नाही. दोन्ही वाटे उघड्यावर असतील. दादाला डोळे आहेत, नुकतेच तपासलेले आहेत. मी काही लपवत नाही, उलट घासून स्वच्छ करून देतेय. खिडकीवरही माझा हाच शिरस्ता होता. विचारलं तर खरं सांगायचं. नाही विचारलं तर पुढचा.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर घासत होते. डझनभर लिंबं संपली. बोटांना सुरकुत्या पडल्या, नखं हिरवी झाली. ह्यांनी येऊन टोपलीतल्या सालींकडे पाहिलं आणि विचारलं, "अजून सरबत नाहीच का?"

घासताना एक गोष्ट लक्षात आली. एकाच धोबीखान्याची एकोणीस टोकनं आहेत. सगळी सारखी, वर इस्त्रीचं चित्र. एकदा फसणं समजू शकतं, दोनदा फसणंही समजू शकतं. एकोणीस वेळा? त्या इस्त्रीच्या चित्राला बाबा एकोणीस वेळा राजाचं डोकं समजले? आई उगाच नाही चिडायची. मला एकदम बाबांचा राग आला, आणि पाठोपाठ इतकी माया आली की टूथब्रश खाली ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

मग उरलेली घासली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज वाटे झाले. सगळं नीट लिहून काढते.

टेबलावर दोन ताटं मांडली. एकात काळी नाणी, घोडा मधोमध पण पालथा. दुसऱ्यात टोकनं. खिडकीतलं ऊन मी मुद्दाम दुसऱ्या ताटावर घेतलं होतं. त्या ताटाकडे बघताना माझेच डोळे दिपत होते.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू कुणाकडे कार्य आहे. काळ्या ताटाशी बराच वेळ उभा राहिला. घोडा कडेने उचलला, उलटा केला, पाहिला, परत होता तस्सा पालथा ठेवला. वहिनी म्हणाली, "अहो, पण..." दादाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती खिडकीकडे वळली आणि पडद्याचं कौतुक करू लागली. पडदा आठ वर्षांचा आहे.

मग दादा चकाकत्या ताटाकडे गेला. "वा! काय लखलखतायत! मी आपला हा वाटा घेतो."

मी जरा घाईनेच म्हटलं, "बघ हं, नंतर तक्रार नको."

"कसली तक्रार!" धोबीखान्याचं एक टोकन त्याने तळहातावर घेतलं. "ही त्या बाईची. आठवते तुला? नाही, तू तेव्हा लहान होतीस. मी शाळा सुटली की खिडकीत बाबांच्या मांडीशी बसायचो. पलीकडच्या इस्पितळात तिचा मुलगा होता. धोबीखान्यात कामाला होती, पगाराआधी हाती काहीच नसायचं. खिडकीशी यायची, हे टोकन ठेवायची आणि म्हणायची, 'बघा ना, पलीकडे जायचंय.' बाबा टोकन उलटसुलट करून बघायचे, अगदी खरं आहे की खोटं ते तपासल्यासारखं. आणि म्हणायचे, 'बसा.' बस, एवढंच."

"म्हणजे बाबांना कळायचं?"

"सगळं कळायचं. माणसाने हात पसरू नये, म्हणून घ्यायचे."

दादाला बाबांचं पहिल्यापासून भारी कौतुक. भोळ्या माणसाच्या मागे अशा कथा तयार होतात, मी काही मनावर घेतलं नाही. चहा केला. तो टोकनं रुमालात बांधून गेला. जाताना दारात म्हणाला, "छान वाटे केलेस."

जिंकले मी. चाळीस हजारांचा घोडा माझा, आणि बाकीची धरून पन्नासच्या वर.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. लिंबाचा वास फार बसलाय घरात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काही विशेष नाही. घोडा बघितला. परत ठेवला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

विकून मोकळं व्हावं म्हणून भिंगवाल्यांकडे गेले. सगळी काळी नाणी कापडावर मांडली. भिंगवाले खूश झाले. म्हणाले, "म्हणजे वाटणी झाली वाटतं! तुमच्या भावाचं काम फत्ते."

मी म्हटलं, "कुठला भाऊ?"

"अहो, ते आले होते ना मागे, मंगळवारी. फोनमध्ये सगळे फोटो घेऊन. पुढून, मागून. एकेकाची किंमत विचारून घेतली. मी म्हटलं, आता हुशारीने निवडा, घोडा सोडू नका. तर म्हणाले..." भिंगवाले हसले. "म्हणाले, 'तसं नव्हे. मोलाची कुठली ते सांगून ठेवा, म्हणजे माझ्या हातून चुकून तीच उचलली जायला नकोत. बहिणीने चार वर्षं वडिलांचं केलंय. पण दिलं तर घेणार नाही ती.' मला सांगू नका म्हणाले होते. पण आता काय, झालंच की सगळं."

भिंगवाल्यांनी विचारलं, "मग चाळीस लावू का घोड्याचे?"

मी नाणी गोळा केली. कडेने धरायचं भान राहिलं नाही, मूठभर उचलून पिशवीत टाकली. ते हां-हां म्हणत राहिले.

तीस वर्षं खिडकीवर बसले. एक खोटं नाणं माझ्यापुढे सरकलं नाही, असं सगळ्यांना सांगत आले. आणि सख्ख्या भावापुढे ताटभर सरकवली मी, लिंबू लावून, उन्हात धरून. त्याने ती पाहिली, ओळखली, आणि घेतली. वर म्हणाला, छान वाटे केलेस. रस्त्यात मला रडू आलं. किल्लीवाल्याने विचारलं, "काय झालं ताई, किल्ली हरवली का?" मी हो म्हटलं.

आपलंच नाणं खोटं.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र चक्क घडी करून ठेवलं. म्हणाले, "दादाला लहानपणी सफरचंदाच्या बिया आवडायच्या का?"

मी म्हटलं, "बिया कुणाला आवडतात?"

म्हणाले, "तेच विचारतोय."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाकडे गेले होते. न कळवता.

त्याच्या टेबलावर काचेच्या वाडग्यात टोकनं. माझ्या घासण्याने काहींवरची इस्त्री अर्धी पुसली गेलीये, ते तिथे दिसलं. उजेड चांगला आहे त्याच्याकडे. दादा म्हणाला, "अरे वा, आज इकडे कशी?"

काय बोलायचं ते मी बसमध्ये नीट ठरवून ठेवलं होतं. घोडा तू घे, माझं चुकलं, वगैरे. पण मला ओळखते मी. मी म्हणणार चुकलं, तो म्हणणार छे, मग मेहेरबानी कुणी कुणावर केली यावरून आम्ही भांडणार. म्हणून मी म्हटलं, "टेम्पोचे अर्धे द्यायचे राहिलेत."

"अगं, राहू दे ना."

"अर्धं म्हणजे अर्धं," मी म्हटलं आणि सुटी नाणी त्याच्या हातावर ठेवली. तो मोजू लागला. एका बोटाने एकेक सरकवत, तोंडात पुटपुटत, बाबा मोजायचे तसं. मग बोट थांबलं. चकाकत्या नाण्यांत एक काळं होतं.

त्याने ते कडेने उचललं. दोन डोक्यांचा घोडा. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "हे चालत नाही गं."

मी म्हटलं, "बघा ना. पलीकडे जायचंय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. दादाने नाणं उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीकडे धरून अगदी खरं आहे की खोटं ते तपासल्यासारखं पाहिलं. बराच वेळ. मग ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि समोरची खुर्ची पायाने पुढे सारली.

"बसा," म्हणाला.

मी बसले. वहिनी चहात साखर घालायला विसरली होती. आम्ही तिघांनी तो तसाच पिऊन संपवला.